माडाच्या वाटणीचं पाणी

न्हाणीघराच्या मोरीत काचेची गोटी सोडून नरसिंहराव चपला न घालताच रस्त्यावर धावले. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण काढून ठेवलं होतं आणि भोवती गल्लीतले आठ-दहा जण वाकून उभे होते. पाइपातून खडखड जवळ जवळ आली आणि हिरवी गोटी टपकन चेंबरात पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शेजारचे कृष्णमूर्ती कानडीत म्हणाले, "रायरे, तुमच्या घरातलं सांडपाणीसुद्धा शिस्तीत चालतं हो!"

ही गोष्ट एक्क्याण्णव सालची. बेंगळूरच्या दोम्मलूर भागातल्या त्या गल्लीत जमिनीखालून सांडपाण्याची लाइन नुकतीच आली होती. बाकीच्यांनी प्लंबर बोलावले. नरसिंहरावांना ते पटणं शक्यच नव्हतं. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर उभं राहून त्यांनी केसाएवढा फरक बोटांनी ओळखला होता आणि आता निवृत्त होऊन हात रिकामे पडले होते. पंधरा दिवस त्यांनी अंगण खणलं. दोरी ताणली, पाणसळ लावली, उतार काढला. स्वयंपाकघर, न्हाणी, संडास आणि मागच्या अंगणातला धुण्याचा दगड, चारही ठिकाणचं पाणी एका पाइपात आणून सोडलं. अंगणात थेंब सांडायचा नाही, अशी त्यांची प्रतिज्ञा होती.

लोक पांगल्यावर कस्तुराबाई दारात उभ्या होत्या. नवऱ्याच्या कपाळावरची माती त्यांनी पदरानं पुसली आणि विचारलं, "सगळं झालं ते छान झालं. पण माडाला पाणी कुठलं?"

"कुठलं म्हणजे? पावसाचं! माड आहे तो, कुंडीतली शेवंती नाही."

"आजवर तो आपलंच पाणी पीत होता."

"आपलं उष्टं पीत होता. आता जरा स्वच्छ पिईल."

कस्तुराबाई हसल्या आणि आत गेल्या. नरसिंहरावांनी गोटी धुऊन खिशात टाकली.

तो माड मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडापलीकडे होता. त्यांची मुलगी रूपश्री घरातच जन्मली तेव्हा सासूबाईंनी तिची वार त्या कोपऱ्यात पुरली आणि वर नारळाचं रोप लावलं. त्या घराण्यात मुलगी झाली की असंच करत. हे लोक कधी काळी महाराष्ट्रातून आले. किती पिढ्या झाल्या ते कुणाला सांगता येत नाही. घरात मराठी राहिली, तिच्यात निम्मी कानडी मिसळली, आणि ही एक रीत राहिली. मुलीचा माड तो मुलीचाच. तिच्या लग्नात आणि पहिल्या खेपेच्या डोहाळजेवणात ओटीला नारळ घालायचा तो त्याच माडाचा. बाजारचा चालत नसे.

माडाचं खाणंपिणं कुणी मुद्दाम बघितलं नव्हतं. ते आपोआप चालायचं. तांदूळ धुतले, डाळ धुतली, ताटं विसळली, की ते पाणी मातीच्या पाटातून माडाच्या बुंध्याशी जायचं. झावळ्या वाळून पडल्या की न्हाणीच्या चुलाणात जायच्या, त्यांची राख भांडी घासायला यायची, आणि राखेचं पाणी पुन्हा माडाकडे. वर्षातून एकदा, फाल्गुनात, बेळ्ळंदूरकडून मल्लाप्पाची बैलगाडी यायची. उन्हाळ्यात तळं आटलं की तळातला काळा गाळ खणून तो घरोघर विकायचा. कानडीत त्याला गोडुमण्णू म्हणतात. एक गाडी गाळ माडाला, कस्तुराबाईंकडून मल्लाप्पाला लोटाभर ताक, आणि बैलांना भाकरी. मग माड वर्षभर बघायला नको.

ब्याण्णवमध्ये रूपश्रीचं लग्न झालं. ओटीत तिच्या माडाचे पाच नारळ पडले, एकेक असा की एका हातात मावू नये. ती हुबळीला गेली. त्याच वर्षी थोरल्या गिरीधरनं न्हाणीत गीझर बसवला. चुलाण गेलं, राख गेली, भांड्यांना पावडर आली. मल्लाप्पाची गाडीही येईनाशी झाली. म्हातारा झाला असेल, असं म्हणून सगळे त्याला विसरले.

आणि माड उतरू लागला.

आधी नारळ लहान झाले. मग पोयीला, म्हणजे माडाच्या फुलोऱ्याला, लागलेली कोवळी बोंडं सुपारीएवढी होऊन गळू लागली. झावळ्यांची टोकं पिवळी पडली. कृष्णमूर्तींनी सांगितलं म्हणून नरसिंहरावांनी युरिया आणला आणि चांगला पाटीभर बुंध्याशी ओतला. चार झावळ्या करपल्या. उरलेला पुढच्या पावसात वाहून गटारात गेला.

पंच्याण्णवच्या पाडव्याच्या आदल्या दिवशी एक वाळकी झावळी कडाडून खाली आली ती कृष्णमूर्तींच्या न्हाणीच्या सिमेंटच्या पत्र्यावर. पत्रा मधोमध फुटला. कृष्णमूर्ती आत अंघोळ करत होते. टॉवेल गुंडाळून, डोक्यावर साबणाचा फेस तसाच ठेवून ते भिंतीवरून डोकावले.

"रायरे, मी वाचलो! पण पुढच्या वेळी मंत्र म्हणून अंघोळ करायची की हेल्मेट घालून, तेवढं सांगा!"

ते हसत होते, पण गिरीधर हसला नाही. मारतहळ्ळीकडच्या ऑफिसातून तो स्कूटरवर दमून यायचा, आणि स्कूटर ठेवायला घरात जागा नव्हती. रात्री जेवताना तो म्हणाला, "अण्णा, तो माड काढून टाकू. माडावर चढणाऱ्या गुंडूला सांगतो, एका दिवसात खाली आणेल. तिथं शेड करू."

कस्तुराबाईंचा हात वरणाच्या भांड्यात तसाच थांबला. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. नजरेत रागबिग नव्हता, आणि तेच नरसिंहरावांना झेपलं नाही.

"एक वर्ष दे मला," ते म्हणाले.

"एका वर्षात काय होणार?"

"पुढच्या पाडव्यापर्यंत बोंडं धरली तर माड राहील. नाही धरली तर मी स्वतः गुंडूची दोरी धरीन."

"सरी, चालेल," गिरीधर म्हणाला. "पण पुढच्या पाडव्याला रडायचं नाही. कुणीच."

"आम्ही रडतो होय रे?" कस्तुराबाईंनी विचारलं, आणि त्याच्या ताटात तूप जरा जास्तच वाढलं.

दुसऱ्या दिवशी पाडव्याचं जेवण आटोपून नरसिंहराव सायकल घेऊन बेळ्ळंदूरला निघाले. त्यांचा हिशेब साधा होता. मल्लाप्पाचा गाळ बंद झाला आणि माड उतरला, तेव्हा मल्लाप्पाला शोधायचं आणि गाडीभर गाळ आणायचा.

तळ्याच्या काठाशी पोहोचून ते सायकलवरून उतरले आणि उभेच राहिले. ऐन उन्हाळ्यात तळं काठोकाठ भरलेलं होतं. पाणी मात्र दिसत नव्हतं. नजर जाईल तिथपर्यंत जलपर्णीची हिरवीगार चादर, वर जांभळी फुलं, आणि वाऱ्याबरोबर नाकात शिरणारा मोरीचा वास.

मल्लाप्पा काठावर गुरांचं गवत कापत बसला होता. पाठ वाकली होती, पण ओळख पक्की होती. "दोम्मलूरचे रायरू! ताकवाल्या अम्मा बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत. माड बरा नाही. तुझा गाळ कुठंय?"

मल्लाप्पानं विळ्यानं तळ्याकडे दाखवलं. "आहे की तिथंच, खाली. वर तीन पुरुष पाणी आहे. चार वर्षं झाली, तळं आटतच नाही. आटल्याशिवाय खणू कसा?"

"पाऊस तर पूर्वीएवढाच आहे. आटत का नाही?"

शहाण्या माणसानं वेडा प्रश्न विचारल्यावर बघावं तसं मल्लाप्पानं त्यांच्याकडे बघितलं. "तुम्ही आटू देत नाही म्हणून. तुमच्या गल्लीतलं पाणी कुठं जातं, स्वामी?"

"लाइनीत."

"आणि लाइन?"

नरसिंहरावांनी तळ्याकडे बघितलं. गोटी चेंबरात पडली होती, टाळ्या वाजल्या होत्या. चेंबरच्या पुढं काय होतं, हे चार वर्षांत त्यांच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. लेथवर काम करताना तयार झालेला भाग कुठल्या यंत्रात बसणार, हे विचारल्याशिवाय त्यांनी कधी कापायला घेतला नव्हता.

"सगळ्या शहराच्या मोऱ्या, संडास, साबण, या बाजूचं सगळं इथं येतं," मल्लाप्पा म्हणाला. "ही पर्णी बघा. हिला कुणी खत घातलं? तुमच्या घरातल्या भातानं, डाळीनं वाढलीय ती. पूर्वी आम्ही तळ्यातून घ्यायचो, शेताला, झाडांना द्यायचो. पावसानं त्यातलं थोडं परत तळ्यात यायचं. घेणं होतं, देणं होतं. आता तळं नुसतं गिळतंय. तळ्याला अजीर्ण झालंय आणि तुमच्या झाडाला उपास घडतोय."

"मासे?"

"गेले. पर्णी कुजते, खालचं पाणी काळं होतं, मासे तोंड वर काढून मरतात. आता हे गवत तेवढं चांगलं येतं." त्यानं भारा बांधला. "अम्मांना सांगा, त्यांच्या ताकाची चव अजून जिभेवर आहे."

नरसिंहराव सायकल हातात धरून चालतच परत निघाले. अर्ध्या वाटेवर त्यांच्या लक्षात आलं की आपण सायकलवर बसायचं विसरलोय.

घरी त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. सकाळी कस्तुराबाई भाजी आणून परत येतात तो हे धुण्याच्या दगडापाशी फरशी उखडून बसलेले, हातात हॅक्सॉ. पाइपावर पाती टेकली होती, पण हात चालत नव्हता.

"काय झालं?"

"काही नाही. उतार बघतोय."

"चार वर्षांनी?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. तळं, जलपर्णी, मल्लाप्पाचं अजीर्ण. सांगताना मान वर केली नाही. "तू त्या दिवशीच विचारलं होतंस. माडाला पाणी कुठलं. मी म्हटलं, उष्टं."

कस्तुराबाईंनी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि दगडावर टेकल्या. "मीही मग पुन्हा कुठं विचारलं? मला वाटलं, एवढं सुंदर काम केलंय तुम्ही, त्यात आपण कशाला नाट लावायचा."

"सुंदर झालं होतं ना?"

"फार सुंदर. कापा आता."

त्यांनी डोळे बारीक करून पाइप कापला. स्वयंपाकघराचा, न्हाणीचा आणि दगडाचा. संडासाचा तेवढा तसाच ठेवला. पण पाट जसा होता तसा करायला कस्तुराबाईंनीच हरकत घेतली. नुसतं पाणी सोडलं तर डास होतील आणि गिरीधर दोघांना घराबाहेर काढील. मग नरसिंहरावांनी पुन्हा पाणसळ काढली. माडाच्या भोवती हातभर खोल चर खणला, त्यात विटांचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या भरल्या, वर पालापाचोळा. पाणी दिसायचं नाही, आतल्या आत मुरायचं. चराच्या कडेनं कस्तुराबाईंनी अळू लावलं.

खरी अडचण पुढं होती. "तुझी ती निळी पावडर बंद करावी लागेल," ते जपून म्हणाले. "साबणाचं एवढं पाणी झाडाला सोसणार नाही. मल्लाप्पा म्हणत होता, तळ्यातही..."

"माझी पावडर?"

कस्तुराबाईंचा त्या पावडरीवर जीव होता. आयुष्यभर राखेनं हात काळे केल्यावर बादलीत पांढरा ढीग फुगतो तो बघत त्या दोन मिनिटं नुसत्या बसत. फेस ओंजळीत घेऊन एकदा त्यांनी नवऱ्याच्या टकलावर ठेवला होता.

"तुमचा पाइप तुम्ही एकदाच कापला," त्या म्हणाल्या. "मी रोज कापू का?"

नरसिंहराव चराकडे निघून गेले. दोन दिवस निळी पावडर चालूच राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी दगडापाशी एका वाटीत रिठे भिजत घातलेले दिसले आणि शेजारी डबाभर राख, समोरच्या इडलीवाल्याच्या चुलीतली, मागून आणलेली. कस्तुराबाई पातेली घासत होत्या.

"फेस येतो का ग रिठ्याला?"

"येतो स्वल्प. तुमच्यासारखाच. जास्त हलवलं तर."

असं एक वर्ष सुरू झालं.

नरसिंहराव पहाटे उठून आधी माडाखाली जात. रात्रीतून गळलेली बोंडं तिथं पडलेली असत, हिरवी, देठाशी काळपट. कस्तुराबाईंनी ती बघू नयेत म्हणून ते भराभर वेचून लुंगीच्या ओच्यात घेत. फेकून देणं त्यांना जमेना. भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडून, वर चालू मराठी महिना लिहून, ते त्यात बोंडं गुंडाळत आणि नट-बोल्टच्या पत्र्याच्या डब्यात टाकत. कारखान्यातली सवय, बिघडलेला भागही तारीख घालून ठेवायचा.

"आज किती पडली?" कस्तुराबाई चहा देताना विचारत.

"एकही नाही."

"बघा," त्या म्हणत, आणि त्यांचा चेहरा उजळे. तेवढ्यासाठी रोज एक खोटं बोलायला नरसिंहरावांची काही हरकत नव्हती.

पावसाळा आला आणि गेला. अळू असं माजलं की कृष्णमूर्तींच्या घरीही पानं गेली आणि बदल्यात अळूवड्यांचा डबा कानडी मसाल्यात न्हाऊन परत आला. माडाची नवी झावळी निघाली ती हिरवी निघाली. पण ओच्यातली बोंडं काही थांबेनात. आज चार, उद्या सहा, मग दोन, मग पुन्हा पाच. रोज वाकून वेचणाऱ्याला कमी-जास्त काही कळत नाही. नरसिंहरावांना वाटे, सगळी गळतायत. दिवाळीनंतर ते माडाकडे बघायचं टाळू लागले. वरचं काही दिसायचंही नाही. वाळक्या झावळ्या माडाच्या मानेभोवती अशा लोंबत होत्या की आत पोय आहे की नाही तेही समजू नये. वर चढायचं तर गुंडूला बोलवायचं, आणि गुंडूचं नाव घरात कुणी काढत नव्हतं.

पाडवा चार दिवसांवर आला. गिरीधरनं ऑफिसातून येताना गुंडूला निरोप दिला, हे त्यानं जोडे काढता काढता सांगून टाकलं. आवाज मोठा काढला होता, म्हणजे त्यालाही बरं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कस्तुराबाई देवळात गेल्या होत्या. नरसिंहरावांना तोरण बांधायला सुतळी हवी होती. कस्तुराबाई सुतळी कुठं ठेवतात हे तीस वर्षांत त्यांना कळलं नव्हतं, म्हणून त्यांनी एकामागून एक डबे उघडायला सुरुवात केली. पापडाचा मोठा डबा जड लागला. वर चार पापड होते. खाली जुन्या लुगड्याच्या फडक्यांच्या पुरचुंड्या.

त्यांनी एक सोडली. आत वाळून काळी पडलेली बोंडं होती.

कस्तुराबाई देवळातून आल्या तेव्हा स्वयंपाकघरात जमिनीवर नवरा मांडी घालून बसला होता. पुढ्यात दोन डबे. एक पापडाचा, एक नट-बोल्टचा.

त्यांनी दोन्ही डब्यांत डोकावून बघितलं. मग कस्तुराबाई म्हणाल्या, "तुम्ही पहाटे घेत होता होय? तरी मी म्हणते, सकाळी खाली एवढं स्वच्छ कसं!"

"आणि तू?"

"दुपारी. तुम्ही वामकुक्षी घेता तेव्हा. उन्हानं दुपारचीही गळतात."

"मला रोज विचारायचीस, किती पडली."

"तुम्ही 'एकही नाही' म्हणालात की तुमचा चेहरा किती बरा दिसायचा! म्हणून विचारायची."

नरसिंहराव हसायला लागले ते त्यांना थांबवता येईना. कस्तुराबाईही पदर तोंडाला लावून खाली बसल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, आणि गिरीधर म्हणाला होता रडायचं नाही, म्हणून त्या पुन्हा हसल्या.

"या पुरचुंड्या किती आहेत?" नरसिंहरावांनी विचारलं.

"दर अमावास्येला नवी बांधायची. म्हटलं, एका फडक्यात सगळं दुःख नको."

नरसिंहरावांचा हसरा चेहरा एकदम स्थिर झाला. लेथवर माप घेताना व्हायचा तसा. त्यांनी कॅलेंडरच्या पानांच्या पुड्या बाहेर काढल्या आणि जमिनीवर ओळीनं मांडल्या, चैत्रापासून. प्रत्येकीच्या खाली त्या महिन्याची पुरचुंडी. एकेक सोडून आतली बोंडं त्यांनी ढीग करून ठेवली.

पहिले तीन ढीग सूपभर होते. पावसाळ्यातले ओंजळीएवढे. दिवाळीचा मूठभर. माघाच्या ढिगात नऊ बोंडं होती. फाल्गुनाच्या पुडीत दोन, आणि फाल्गुनाच्या पुरचुंडीत एक.

"एकट्याला कळलं नसतं हे," ते हळूच म्हणाले.

संध्याकाळी गिरीधर आला तेव्हा स्वयंपाकघरातून चालायला वाट नव्हती. आई-वडील भिंतीला टेकून बसले होते आणि मधे जमिनीवर एक वर्ष मांडून ठेवलं होतं. तो जोडे हातात घेऊन उभा राहिला. ढिगांकडे बघितलं, डब्यांकडे बघितलं, मग दोघांकडे.

"तुम्ही दोघं वर्षभर एकमेकांपासून हे लपवत होता?"

"तू जेवायला बस," कस्तुराबाई म्हणाल्या.

"पाय कुठं ठेवू, ते तरी सांगा!"

पाडव्याला सकाळी गुंडू आला. पन्नाशीचा, काटकुळा, कमरेला कोयता, खांद्यावर दोरी. गिरीधरनं त्याला बाजूला घेतलं. "आधी वर जाऊन नुसतं साफ कर. वाळकं काढ. मग बघू."

गुंडू पायात दोरीचा फास घालून सरसर वर चढला. वाळक्या झावळ्या एकेक खाली येऊ लागल्या. कृष्णमूर्ती भिंतीपलीकडून डोक्यावर पितळी परात धरून बघत होते. नरसिंहराव खालून वर बघत नव्हते. ते चरातल्या ओल्या मातीकडे बघत होते. कस्तुराबाईंनी त्यांची बाही धरली होती.

वरून आवाज आला. "कोण म्हणालं हा पाडायचाय?"

"का? काय आहे?" गिरीधर ओरडला.

"थांबा, मोजतो. चार... पाच... ही मागची... सात! सात आहेत चांगली, डोक्याएवढी नाहीत, पण धरलीत. आणि नवी पोय आलीय. हा पाडला तर मला पाप लागेल, दुसरा गुंडू बघा!"

गिरीधरनं डोकं खाजवलं. "स्कूटर पुढच्या अंगणात पावसात भिजली तर?"

"तिच्यावर झावळ्या घालू," नरसिंहराव म्हणाले, आणि आता कुठं त्यांनी वर बघितलं.

कृष्णमूर्तींनी परात खाली घेतली. "रायरे, एक विचारायचं होतं. आमचं लिंबाचं झाडही दोन वर्षं फुलत नाही. तुमची ती हॅक्सॉ जरा मिळेल का?"

त्यानंतर गल्लीत पाइप कापायचं खूळ काही दिवस चाललं. पाच घरं झाली, सहाव्या घरानं दुर्गंधी येईल म्हणून नकार दिला. तळ्याला त्यानं कितीसा फरक पडणार? मल्लाप्पाला ताकाचा लोटा घेऊन नरसिंहराव भेटायला गेले तेव्हा जलपर्णी होती तशीच होती. मल्लाप्पा ताक पिऊन म्हणाला, "पाच घरांचा भात कमी आला म्हणा." मग थोडं थांबून म्हणाला, "पाच तर पाच." येताना नरसिंहरावांनी पोतंभर जलपर्णी सायकलला बांधून आणली, अंगणात कुजवली आणि काळी झाल्यावर माडाला घातली. गाळ नाही तर हीच, तेवढंच आपलं आपल्याला परत.

श्रावणात रूपश्री सातव्या महिन्यात माहेरी आली. ओटी भरायच्या दिवशी गुंडूनं सातातला पहिला पिकलेला नारळ उतरवला. तो लहान होता, एका बाजूला जरा चपटा, आणि सोलल्यावर तर आणखीच लहान दिसू लागला. कस्तुराबाईंनी तो तांदळांवर ठेवला तेव्हा जमलेल्या बायकांत एकीनं दुसरीकडे बघितलं.

रूपश्रीनं मात्र तो उचलून कानाशी धरला आणि हलवला. आतलं पाणी डुचमळलं.

"अण्णा," ती म्हणाली, "यात पाणी भरपूर आहे हो."

दाराशी उभे असलेले नरसिंहराव म्हणाले, "असणारच. तुझ्या आईनं भांडी विसळलेलं आहे ते."

बायका हसल्या. कस्तुराबाईंनी डोळे वटारले आणि ओटीच्या तांदळातले सांडलेले दाणे वेचून पाण्याच्या पातेल्यात टाकले. कार्यक्रम आटोपल्यावर ते पातेलं घेऊन त्या मागच्या दारी गेल्या.